खोबऱ्याचं बटर: वाट्या किसायच्या की पाकीट फोडायचं?

घरी खोबऱ्याचं बटर, म्हणजे सुकं खोबरं तेल सुटून सैल होईपर्यंत वाटून केलेलं बटर, करायचं म्हटलं की मिक्सर कोणता, बरणी कोणती हे प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचं ते खोबरं कुठलं. वाण्याकडून सुक्या वाट्या आणून किसायच्या, की डेसिकेटेडचं, म्हणजे कारखान्यात वाळवलेल्या तयार खोबऱ्याच्या किसाचं, पाकीट फोडून सरळ भांड्यात ओतायचं? मी सुरुवातीची दोन वर्षं वाट्यांचं बटर केलं आणि गेली तीन वर्षं पाकिटाचं करतो आहे. हे सगळं सोलापुरातल्या स्वयंपाकघरात केलं आहे, तेही आधीच सांगितलेलं बरं. महाबळेश्वरात राहणाऱ्याचा अनुभव वेगळा निघू शकेल.

ओल्या नारळाचा विषय लगेच संपवतो. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, त्यामुळे ते कितीही वाटलं तरी त्याची चटणी होते, बटर होत नाही. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर जुनी चादर अंथरून खवलेला नारळ दोन दिवसांत कडकडीत वाळतो. मी एकदा वाळवला. चार नारळ खवले, मुंग्या राखल्या, धूळ राखली, आणि शेवटी त्यातून जेमतेम एक छोटी बरणी भरली. चव सुरेख होती. हौस असेल तर एकदा करून बघा, पण दर महिन्याला होणारं काम ते नाही.

वाट्या आमच्या घरी तशाही असतात. उन्हाळ्यात काळा मसाला करायचा म्हणजे धणे-मिरच्यांबरोबर खोबरं आलंच. सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारात किराणा घ्यायला गेलो की मी वाट्यांबरोबर गोटाही विचारतो. कर्नाटकातलं तिपटूर या गोट्यासाठी प्रसिद्ध आहे. पक्का नारळ तिथे फोडत नाहीत. तो आठ ते बारा महिने माळ्यावर तसाच राहू देतात. आतलं पाणी आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं, नारळ हलवला की आत खुळखुळतं, आणि मग करवंटी काढून अख्खा गोटा बाहेर येतो. इतका सावकाश वाळल्यामुळे असेल, पण मला त्याची गोडी उन्हात वाळवलेल्या वाट्यांपेक्षा जास्त वाटते. गोट्याचं बटर पहिल्यांदा केलं त्या दिवशी, दिवाळीत चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप तळताना येतो तसा वास घरभर सुटला होता. पाकिटाच्या बटरला तो वास येत नाही. तीन वर्षांत एकदाही आला नाही. वाट्यांच्या बाजूने सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आणि ती छोटी नाही.

वाट्यांना कष्ट मात्र पडतात. पाठीवरची तपकिरी साल काढली नाही तर बटरमध्ये बारीक कण राहतात, घशाशी चरचरतात आणि शेवटी किंचित तुरटपणा येतो. साल काढून पाव किलो खोबरं बारीक किसायला मला पाऊण तास लागायचा. पाकिटात हे काम कारखान्यातच झालेलं असतं. साल आधी काढून मग खोबरं वाळवतात, म्हणून कीस पांढराशुभ्र दिसतो. शिवाय त्यात ओल कमी असते. वाट्यांमध्ये साधारण ६ ते ७ टक्के पाणी उरतं, डेसिकेटेडमध्ये ३ टक्क्यांच्या आसपास. आकडा किरकोळ दिसतो, पण मिक्सरला तो कळतो. ओल जास्त असली की कीस गोळा होऊन पात्याभोवती फिरत बसतो, सैल होत नाही. माझ्या ७५० वॉटच्या मिक्सरवर पाकिटाचा पाव किलो कीस थांबत थांबत दहा मिनिटांत धारेला येतो. वाट्यांना वीस मिनिटं लागायची आणि मध्ये दोनदा तरी मिक्सर बंद पडून खालचं लाल बटण दाबावं लागायचं.

करायची रीत दोन्हीची एकच आहे. कीस कढईत मंद आचेवर हाताला चांगला गरम लागेपर्यंत परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही. वाट्यांचा असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त. मग चटणीच्या भांड्यात घालून अर्धा-अर्धा मिनिट फिरवायचं, दर वेळी कडेचं खाली ढकलायचं. आधी भुगा होतो, मग ओलसर वाळू, मग गोळा. गोळा झाला की बहुतेक जण बिघडलं समजून पाणी घालतात. पाण्याचा थेंबही नको. पाण्याने गोळा अजून घट्ट होतो आणि पुढे बुरशी धरते. फारच अडलं तर चमचाभर घाण्याचं खोबरेल घाला आणि फिरवत राहा. थोड्या वेळाने ते एकदम सुटतं आणि भज्यांच्या पिठासारखं ओघळायला लागतं.

पाकिटात एक फसवणूक होऊ शकते, ती सांगायला हवी. काही कीस आधीच थोडं तेल किंवा दूध काढून घेतलेला असतो. बर्फीवर भुरभुरायला तो चालतो, बटर मात्र त्याचं जन्मात होणार नाही. पाकिटामागे १०० ग्रॅमला स्निग्धांश किती ते बघा. ६० ग्रॅमच्या वर असेल तर घ्या, पन्नाशीत किंवा खाली असेल तर ठेवून द्या. साखर घातलेला नको. कीस पांढरा राहावा म्हणून गंधकयुक्त परिरक्षकही वापरतात. २२० किंवा २२३ असा आकडा दिसला तर मी दुसरं पाकीट बघतो, विशेषतः घरात कुणाला दमा असेल तर. अर्थात सुट्या वाट्यांनाही गंधकाची धुरी देतात, आणि तिथे तर वाचायला लेबलही नसतं.

इथपर्यंत वास एका पारड्यात आणि कष्ट दुसऱ्या पारड्यात, एवढाच हिशोब असता तर मी अजूनही वाट्याच किसत बसलो असतो. मला वाट्या सोडाव्या लागल्या त्या खवटपणामुळे.

माझी थोरली बहीण पंढरपूरला असते. आषाढीच्या आधी तिच्याकडे जाताना मी ताज्या बटरची बरणी नेली होती. एकादशीला भगरीच्या आमटीत घालायला तिला हे बटर आवडेल, असं मनात होतं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "अरे, ते खोबऱ्याचं जुनं होतं का रे?" ते चार दिवसांपूर्वीचं होतं. मी घरातली बरणी उघडून चाटून पाहिलं. पहिल्यांदा काहीच जाणवलं नाही. मग घशाच्या मागे ती कडवट, साबणासारखी चव आली. बारा वाट्यांपैकी एखादीच खवट असणार. किसताना ती कळली नव्हती, कारण थंड, घट्ट खोबऱ्यात वास दडून राहतो. मिक्सरमध्ये तेल सुटून गरम झालं की तो बाहेर पडतो, पण तोवर बाराही वाट्या एक झालेल्या असतात. बहिणीने उपासाच्या दिवशी केलेली आमटी त्यामुळे टाकून दिली, हे मला पुढे कितीतरी दिवस लागून राहिलं.

पुढच्या वेळी प्रत्येक वाटीचा कोपरा चावून पाहायचं ठरवलं. चार वाट्यांपर्यंत जीभ चांगली सांगते. पाचव्या-सहाव्या वाटीला जिभेवर तेलाचा थर बसतो आणि सगळंच सारखं लागायला लागतं. मध्ये गरम पाण्याची चूळ भरली, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खाल्ला, तरी शेवटच्या काही वाट्यांबद्दल खात्री होईना. त्या खेपेची बरणी चांगली निघाली. त्याच्या पुढची पुन्हा बिघडली. दुकानात जाऊन सांगितलं तर शांतपणे उत्तर मिळालं, "मसाल्याला चालतंय की." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मसाल्यासाठी खोबरं लालबुंद भाजतात, त्यात मिरी-लवंग-दगडफूल पडतं. एखादी जुनी वाटी त्यात खपून जाते. बटरमध्ये खोबऱ्याशिवाय दुसरं काहीच नसतं, त्यामुळे लपायला जागाच नाही.

आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर असतो आणि पोती पत्र्याखाली पडून असतात. जूननंतर बाजारात येणाऱ्या वाट्यांनी तो सगळा ताप सोसलेला असतो. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत घेतलेल्या वाट्या मला त्यामानाने चांगल्या लागल्या. तुमचा वाणी ओळखीचा असेल, माल पटकन संपणारा असेल, तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही. मी माझ्यापुरतं सांगतो. पाकिटातला सगळा कीस एकाच घाण्यातला असतो. चिमूटभर तोंडात धरला की अख्ख्या पाकिटाची परीक्षा होते. बिघडलेला असेल तर परत करता येतो. मला फार मोठा दिलासा याचाच आहे. बरणी कुणाच्या हातात देताना आता मनात धाकधूक नसते.

टिकण्यातही पाकीट पुढे आहे, निदान माझ्या फडताळात. वाट्यांचं बटर उन्हाळ्यात महिनाभरात उतरायला लागायचं. पाकिटाचं अडीच महिने चांगलं राहतं, त्याहून जास्त ते आमच्याकडे उरतच नाही. दोन्हीही फ्रिजबाहेरच ठेवा. खोबऱ्याचं तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे सोलापुरात वर्षातले बरेच महिने बटर पातळच असतं. तेल वर तरंगतं, चोथा खाली बसतो. रोज एकदा कोरड्या चमच्याने तळापासून ढवळलं की पुरतं. खरी अडचण गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला होते. पहाटेची थंडी पडली की वर तेलाची पांढरी चकती आणि खाली खडूसारखा दगड होऊन बसतो. अशा वेळी उभ्या काचेच्या बरणीत चमचा वाकतो. म्हणून मी आता पसरट स्टीलचा डबा वापरतो. गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवला की डबा लगेच तापतो, बटर सुटतं. पाणी आत जाणार नाही, एवढं मात्र जपायचं.

वापराचं म्हणाल तर हे तेल नव्हे, अख्खं खोबरं आहे, हे लक्षात ठेवा. फोडणीला घातलं तर तळाला लागतं आणि करपतं. शिजलेल्या पदार्थात, गॅस बंद करताना घालायचं. काळ्या मसाल्याच्या रश्शाला शेवटी एक चमचा घातला की दाटपणा येतो. इथे मला वाट्यांचं जास्त आवडायचं, कारण मसाल्यातल्या भाजक्या खोबऱ्याशी त्याची चव जुळते. पण भगर, नारळी भात, मुलांचं दूध, पोळीवर गुळाबरोबर लावणं, अशा सौम्य ठिकाणी पाकिटाचंच चांगलं लागतं. आणि कडक भाकरी मोडून त्यावर शेंगाची चटणी घालायची, दह्याऐवजी चमचाभर वितळलेलं बटर ओतायचं, हे एकदा करून पाहाच. शेंगाचा तिखटपणा जातो असं नाही, पण तो गोलसर होतो. आमच्याकडे सकाळच्या न्याहारीला आठवड्यातून दोनदा तरी हेच असतं.

पैशांवर निवड करू नका. खोबऱ्याचा भाव सारखा हलतो आणि दोन्हीतला फरक किसण्याच्या पाऊण तासापुढे फार नसतो.

पहिल्यांदाच करत असाल तर मी पाकीटच म्हणेन. पाव किलो आणा, त्याहून जास्त चटणीच्या भांड्यात नीट फिरत नाही. दोन-तीनदा जमलं आणि त्या वासाची आठवण येत राहिली, तर माझ्या अलीकडच्या पद्धतीने करून बघा. तीन भाग पाकिटाचा कीस आणि एक भाग गोटा. गोटा एकच लागतो, त्यामुळे तो चावून बघताना जीभ दमत नाही. साल काढून, किसून, मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायचा. भाजताना वास घ्यायचा. खवट असेल तर तो इथेच, कढईत कळतो आणि तेवढाच बाजूला काढता येतो. नसेल तर पाकिटाच्या किसात मिसळून फिरवायचं. भांड्याला चिकटलेलं धुऊन टाकू नका. त्यात वाटीभर गरम पाणी घालून एकदा फिरवा आणि ते पाणी त्या दिवशीच्या आमटीत ओता.