एसएपीमधील वापराची नोंद: एसटी०३एन, यूपीएल की एससीमॉन?

एसएपी या कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ईसीसी ६.० वरून नव्या एस/४ हानाकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक कंपनीला एका प्रश्नाचे उत्तर लवकर द्यावे लागते: गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण लिहून घेतलेल्या झेड प्रोग्रामांपैकी, म्हणजे झेड किंवा वायने नाव सुरू होणाऱ्या स्वतःच्या प्रोग्रामांपैकी, खरोखर चालतात किती? ईसीसी ६.० च्या एन्हान्समेंट पॅक ६ ते ८ ची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीस संपते. जादा शुल्क भरून मिळणारी वाढीव मुदतही २०३० च्या अखेरपर्यंतच आहे. जो कोड कोणीच वापरत नाही, तो नव्या प्रणालीसाठी दुरुस्त करून, तपासून, पुन्हा चाचणीला लावणे म्हणजे पाडायच्या घराला रंग देण्यासारखे आहे. पण कोणते घर पाडायचे, हे आठवणीवरून किंवा विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी प्रॉडक्शन प्रणालीतली, म्हणजे रोजचे खरे काम चालते त्या प्रणालीतली, नोंद लागते. ती ठेवण्याची तीन साधने एसएपीतच उपलब्ध आहेत, आणि कोणते सुरू करावे याचा निर्णय बहुतेक ठिकाणी बेसिस टीमवर, म्हणजे प्रणाली सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांवर, सोडून दिला जातो. माझ्या मते तो निर्णय अबॅप (एसएपीची प्रोग्रामिंग भाषा) लिहिणारी टीम आणि लेखा विभाग यांनीही बसून घ्यायला हवा, कारण या साधनांतला फरक केवळ तांत्रिक नाही.

पहिले साधन, एसटी०३एन, म्हणजे वर्कलोड मॉनिटर, प्रत्येक प्रणालीत आधीपासून चालू असते. वापरकर्त्याची प्रत्येक डायलॉग पायरी (पडद्यावरची एक क्रिया) संपली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एक सांख्यिकी नोंद लिहितो. तीत ट्रान्झॅक्शन (एखादे काम उघडण्याचा कोड), प्रोग्राम, वापरकर्ता, प्रतिसादाला लागलेला वेळ, त्यातला प्रोसेसरचा वाटा आणि डेटाबेसचा वाटा इतके सगळे असते. या कच्च्या नोंदी स्टॅड या ट्रान्झॅक्शनमध्ये दिसतात, परंतु त्या फार काळ टिकत नाहीत; दर तासाला चालणारा कलेक्टर जॉब त्यांची बेरीज करून दिवस, आठवडा आणि महिना अशा गोषवाऱ्यांत ठेवतो. इथेच पहिली अडचण येते. मूळ मांडणीत मासिक गोषवारे काही महिनेच राहतात, आणि त्याआधीचे आपोआप पुसले जातात. एसटी०३एनच्या एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन, कलेक्टरच्या डेटाबेसची जी पुनर्रचनेची मांडणी असते तिथे महिन्यांचा आकडा वाढवता येतो. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्यासाठी जागाही फार लागत नाही, तरीही मी पाहिलेल्या कित्येक प्रणालींत तो आकडा कोणीही कधीच बदललेला नव्हता.

एसटी०३एनची दुसरी मर्यादा मात्र मांडणी बदलून जात नाही. ते फक्त दारातून आत आलेल्याचे नाव लिहून घेते. एखाद्याने व्हीए०१ हे ट्रान्झॅक्शन उघडून विक्री-ऑर्डर भरली, तर नोंद व्हीए०१ ची होते. त्या ऑर्डरच्या जतनाच्या वेळी एमव्ही४५एएफझेडझेड या प्रमाणित कोडमधल्या युजर एक्झिटने (कंपनीने आपला कोड घालण्यासाठी ठेवलेल्या जागेने) तुमचे झेड फंक्शन मॉड्यूल, म्हणजे कुठूनही बोलावता येणारा कोडचा तुकडा, बोलावले, त्याने आणखी एका झेड क्लासची मेथड चालवली, यातले काहीही एसटी०३एनच्या ट्रान्झॅक्शन प्रोफाइलमध्ये येत नाही. म्हणून या साधनावर विसंबून झेड कोडची छाटणी केली, तर रोज हजार वेळा चालणारे फंक्शन ‘न वापरलेले’ ठरू शकते. उलटही घडते: चुकून उघडून लगेच बंद केलेले ट्रान्झॅक्शनही वापरात असल्यासारखे दिसते.

ही दुसरी मर्यादा दूर करण्यासाठी यूपीएल आले. यूपीएल म्हणजे युसेज अँड प्रोसीजर लॉगिंग. इथे कर्नल मेथड, फंक्शन मॉड्यूल आणि फॉर्म सबरूटीनच्या पातळीवर मोजतो, त्यामुळे आतल्या खोल्यांत काय चालते तेही कळते. ही नमुना तपासणी नाही. जे चालले त्याची गणती आहे. मोजणी मेमरीत होते आणि ठरावीक काळाने डेटाबेसमध्ये उतरते, म्हणून प्रणाली मंदावल्याची तक्रार सहसा येत नाही. परंतु यूपीएलची पूर्ण मांडणी सोल्यूशन मॅनेजरला, म्हणजे इतर प्रणालींवर देखरेख ठेवणाऱ्या एसएपीच्या वेगळ्या प्रणालीला, बांधलेली आहे. मूळ प्रणालीत माहिती काही दिवसच राहते. दीर्घकालीन साठा सोल्यूशन मॅनेजरच्या बीडब्ल्यूमध्ये (अहवालांसाठीच्या माहितीसाठ्यात) रोज खेचून न्यावा लागतो. ती ओढ एकदा तुटली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर मधले आठवडे कायमचे गेले. शिवाय सोल्यूशन मॅनेजर ७.२ ची मुख्य देखभालही २०२७ च्या अखेरीसच संपते. ज्या घरातून बाहेर पडायचे आहे, त्याच घराच्या तळघरात पुरावा साठवण्यासारखे हे होते. यूपीएलमध्ये आणखी एक उणीव आहे, आणि निर्णयाच्या दृष्टीने मला ती सर्वांत मोठी वाटते: फंक्शन किती वेळा चालले ते कळते, कोणत्या व्यवहारातून बोलावले गेले ते कळत नाही.

एससीमॉन, म्हणजे अबॅप कॉल मॉनिटर, ही उणीव भरून काढतो. अबॅप ७.५० पासून तो प्रणालीतच आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी तो एसटी-पीआय या घटकातून मिळतो, त्यामुळे जुन्या ईसीसीवर सपोर्ट पॅकची पातळी आधी तपासून घ्यावी लागते. गणती यूपीएलसारखीच प्रोसीजरच्या पातळीवर असते, पण प्रत्येक नोंदीसोबत व्यवहार कुठून सुरू झाला हेही लिहिले जाते: ट्रान्झॅक्शन, आरएफसी (दुसऱ्या प्रणालीतून आलेली हाक), पार्श्वभूमीतला रिपोर्ट की वेबचा पत्ता. याचा उपयोग कागदावर वाटतो त्याहून कितीतरी मोठा आहे. समजा एक झेड फंक्शन वर्षात चारशे वेळा चालले. यूपीएल म्हणेल, ठेवा. एससीमॉन दाखवेल की त्या चारशेही वेळा ते एकाच जुन्या झेड ट्रान्झॅक्शनमधून बोलावले गेले, आणि ते ट्रान्झॅक्शन नव्या प्रणालीत प्रमाणित फिओरी ॲपने (एसएपीच्या नव्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपने) बदलायचे आधीच ठरले आहे. मग ते फंक्शनही जाऊ शकते. हा निष्कर्ष यूपीएलमधून काढताच येत नाही.

एससीमॉनची मांडणी सोपी आहे, पण ती दोन टप्प्यांची आहे आणि दुसरा टप्पा विसरला जातो. एससीमॉन ट्रान्झॅक्शनमधून सर्व सर्व्हरांवर नोंदणी सुरू करणे हा पहिला टप्पा. मात्र एससीमॉनचा स्वतःचा साठा थोड्या काळाचा असतो. तो दीर्घकाळ जपण्यासाठी एसयूएसजी हे वेगळे ट्रान्झॅक्शन आहे. त्यात एकत्रीकरण सुरू करावे लागते आणि रोजचा पार्श्वभूमी जॉब नीट चालतो का, हे पाहावे लागते. केवळ एससीमॉन सुरू करून वर्षभराने एसयूएसजी उघडणाऱ्याच्या हाती वर्षभराची नोंद लागत नाही. एकत्रित माहितीचा स्नॅपशॉट फाइलमध्ये काढून तपासणी प्रणालीत आणता येतो, आणि तिथे एटीसी या कोड-तपासणी साधनाच्या निकालांशी व कस्टम कोड मायग्रेशन ॲपशी जोडता येतो. हे ॲप न वापरलेला कोड रूपांतराच्या वेळी वगळण्यासाठी ट्रान्सपोर्ट (बदल एका प्रणालीतून दुसरीत नेणारा संच) तयार करू शकते. म्हणजे चुकीचा ‘न वापरलेला’ शिक्का हा नुसत्या अहवालातला आकडा राहत नाही; तो प्रत्यक्ष पुसण्याची आज्ञा होतो.

म्हणून साधनापेक्षाही कालावधी महत्त्वाचा आहे, आणि भारतातल्या कंपन्यांनी हा कालावधी भारतीय कॅलेंडरवर मोजायला हवा. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते. एसएपीत त्यासाठी व्ही३ हा प्रकार वापरतात, आणि त्यात बारा महिन्यांनंतर चार विशेष कालखंड असतात. मार्चअखेर संपली तरी लेखापरीक्षणाच्या नोंदी पुढे कित्येक महिने या विशेष कालखंडांत जात राहतात. कर्मचाऱ्यांची करकपात प्रमाणपत्रे जूनमध्ये निघतात, वार्षिक जीएसटी विवरण डिसेंबरअखेरीस जाते, बोनसचा हिशेब दिवाळीच्या आधी होतो. साखर कारखान्यात तर गाळप हंगामाबाहेर ऊस नोंदणी आणि तोडणी-वाहतूक बिलांचे अर्धे प्रोग्राम झोपलेलेच दिसतील. किमान एक वर्ष मोजावे अशी एसएपीची शिफारस आहे. मी तेरा ते चौदा महिने सुचवीन, म्हणजे वार्षिक कामे एखाद्या वर्षी दोन-चार आठवडे पुढे-मागे सरकली तरी ती नोंदीबाहेर राहणार नाहीत. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात जून ते नोव्हेंबर अशी सहा महिन्यांची नोंद पुरेशी मानून मालमत्तेच्या घसाऱ्याचा एक झेड रिपोर्ट काढून टाकला होता. तो वर्षातून एकदा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चालत असे. लेखा विभागाने तो मागितला तेव्हा मूळ लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला होता, आणि त्यांना ते काम चार दिवस खपून हाताने करावे लागले.

तिन्ही साधनांना समान असलेल्या काही आंधळ्या जागाही ध्यानात ठेवाव्यात. टेबल, डेटा एलिमेंट, स्ट्रक्चर या गोष्टी ‘चालत’ नाहीत, म्हणून त्या मोजल्या जात नाहीत. त्या कुठे वापरल्या आहेत ते व्हेअर-यूज्ड यादीतूनच शोधावे लागते. स्मार्टफॉर्मबाबत, म्हणजे छापील कागदांच्या आराखड्यांबाबत, तर हमखास चूक होते. प्रत्येक स्मार्टफॉर्मपासून प्रणाली स्वतः एक फंक्शन मॉड्यूल बनवते आणि त्याचे नाव /१बीसीडीडब्ल्यूबी/ ने सुरू होते, झेडने नाही. अहवाल झेड आणि वायपुरता गाळला, की रोज छापले जाणारे जीएसटी बीजक त्या यादीत सापडतच नाही.

माणसांच्या दृष्टीने पाहिले तर तुलनेचा क्रम बदलतो. एसटी०३एनमध्ये वापरकर्त्याचे नाव असते, आणि इतरांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार एस_टूल्स_ईएक्स या ऑथोरायझेशन ऑब्जेक्टने नियंत्रित होतो. हा अधिकार घाऊक वाटलेला असेल, तर कोण दिवसभर किती पायऱ्या चालवतो हे कोणीही पाहू शकेल. भूमिका आणि परवान्यांची फेररचना करताना ही माहिती हवीच असते, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तिचा हेतू, ती पाहणारे आणि ती ठेवण्याची मुदत लेखी ठरलेली असावी. यूपीएल आणि एससीमॉन कोडवर नजर ठेवतात, माणसावर नाही. कर्मचारी संघटनेशी बोलताना हा फरक स्पष्ट सांगता येतो आणि सांगितलाही पाहिजे.

तेव्हा निवड परिस्थितीवर ठरते. प्रश्न प्रतिसादाच्या वेगाचा किंवा परवान्यांचा असेल, तर एसटी०३एन पुरेसे आहे. दुसरे काही सुरू करण्याची गरज नाही. एस/४ हानाकडे जायचे असेल, मग तारीख ठरलेली असो वा नसो, तर एससीमॉन आणि एसयूएसजी दोन्ही प्रॉडक्शनवर ताबडतोब सुरू करावेत. चाचणी प्रणालीवरची नोंद इथे निरुपयोगी आहे, कारण तिथे वापर चाचणी करणाऱ्यांचा असतो. यूपीएल नव्याने सुरू करण्याचे कारण मला आता दिसत नाही. एसएपीही एससीमॉनलाच त्याचा वारसदार मानते. ज्यांच्याकडे यूपीएलची जुनी वर्षे बीडब्ल्यूमध्ये साठलेली आहेत, त्यांनी सोल्यूशन मॅनेजर बंद करण्याआधी ती बाहेर काढून जपावीत, कारण वर्षाआड चालणारा एखादा प्रोग्राम त्या नोंदीतच दिसू शकतो. आणि तिन्ही बाबतींत एसटी०३एनचा महिन्यांचा आकडा चौदावर नेऊन ठेवावा. एससीमॉन सुरू केल्यावर पहिला आठवडा टेबलांची वाढ आणि एसयूएसजीचा जॉब रोज पाहावा, नंतर महिन्यातून एकदा, आणि एप्रिल महिन्यात पुन्हा रोज.