बेळगावच्या टिळकवाडीतलं हवामान-वाकळ वर्कशॉप: जायचं तर जुनं निळं कापड घेऊन जावा

शनिवार-रविवारचं वर्कशॉप, फी ६०० चहा धरून, पैसे वसूल झाले म्हणायला हरकत नाही, फक्त रंगाची एक तक्रार आहे ती पुढं सांगते.

आयडिया मूळची इंग्लंडची. रेडिंग युनिव्हर्सिटीचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये जगाच्या तापमानाच्या पट्ट्या काढल्या, एका वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, वर आकडा एकपण नाही. इथं तेच आपण जुन्या कापडात करायचं, १९७० पासून पुढं, बोटभर रुंद पट्ट्या जोडून वाकळ.

खरी मजा कापड निवडताना. सगळ्यांच्या पिशवीत लाल-मरून ढीगभर आणि निळं मिळेना, शेवटी कुणीतरी पोराच्या शाळेची जुनी पँट फाडली. २०२४ हे तोवर नोंदलेलं सगळ्यात गरम वर्ष, त्याला एका काकूंनी शहापुरी लुगड्याचा गर्द काठ दिला, देताना जीव खालवर होत होता त्यांचा, पण दिला. शिकवणाऱ्या ताई मराठी-कन्नड दोन्हीत सांगतात त्यामुळं कन्नड बोलणाऱ्या अक्कापण मागं राहिल्या नाहीत. टाका मोठा पडला की ताई सरळ उसवायला लावतात.

पण एक सांगू का, जगाच्या तापमानाचं ठीक आहे, पण आपल्याकडं बोलणं सगळं पाण्याचं असतंय. २०१९ ची पट्टी आली आणि तापमान राहिलं बाजूला, सगळ्या ऑगस्टच्या पुरावरच, मलप्रभेचं पाणी कुठवर आलेलं, घटप्रभेकाठच्या पाहुण्यांना कसं घेऊन आलो. मग पावसाची वेगळी वाकळ का नको? ताई पुढच्या बॅचला बघू म्हणाल्यात.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी किनारीला ॲक्रिलिक रंग दिले. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच की हो, आणि ब्रश धुतले बाहेरच्या बेसिनात, ते पाणी गटारीतून बळ्ळारी नाल्याला आणि नाला भरला की शहापूर-वडगावच्या भातात. खानापूरकडची तांबडी माती चाळून डिंकात कालवली असती तर झालं असतं काम, शिवाय फुकट.

पाचपैकी चार स्टार. सुई-दोरा तिथं मिळतो, कात्री मात्र घरची न्या, त्यांची कात्री कापड कापत नाही, चघळते.