सोया डीओसी: रोहू-कटल्याला चालते, पण पोतं पारखून घ्या

डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली सोयापेंड, लातूरकडे सहज मिळते. प्रथिनं 45 ते 48 टक्के, त्यामुळे महागड्या मासळीच्या भुकटीवाचूनही तळ्यातल्या रोहू-कटला माशांचं भागतं. निम्मी डीओसी, निम्मा तेल काढलेला भाताचा कोंडा घेतला की मिश्रणात साधारण 30 टक्के प्रथिनं येतात. सोबत 1 ते 2 टक्के मिनरल मिक्श्चर हवंच. पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो माशाला पचत नाही.

खरी गोम भाजणीत. फिकट सोनेरी पेंड उत्तम. पांढुरकी असेल तर ट्रिप्सिन इनहिबिटर (प्रथिनं पचू न देणारा घटक) शिल्लक असतो: मासा खातो, पण अंगी लागत नाही. काळपट तपकिरी म्हणजे लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल करपलं. विक्रेत्याकडून युरिएजचा (पेंड नीट भाजली का ते दाखवणाऱ्या चाचणीचा) आकडा मागा, 0.05 ते 0.20 ठीक. (पुष्कळदा ‘माल एक नंबर’ एवढंच उत्तर मिळतं!)

कोरडी भुकटी पाण्यावर उधळली तर निम्मी वाया. ओलसर करून भोकं पाडलेल्या पोत्यात भरा, बांबूला टांगा. रोज माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के. दोनेक तासांनी उरली तर दुसऱ्या दिवशी कमी करा. शेंगपेंडीइतकी अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, धास्ती नाही, तरी पावसाळ्यात पोती फळ्यांवरच ठेवा.

जिताड्यासारख्या मांसाहारी माशाला मात्र ही एकटी पुरत नाही.