क्लासिक कारचं मॉडेल रंगवायचंय: स्प्रे कॅन घेऊ, एअरब्रश घेऊ की ब्रशवरच भागवू?

किट आणलंय, डबा उघडून स्प्रूवरचे (पार्ट जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटींवरचे) पार्ट तीनतीनदा बघून झालेत, इन्स्ट्रक्शन शीट पाठ झालीय, आणि आता गाडी अडकलीय ती बॉडीच्या रंगावर. हे सगळ्यांचं होतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायची गरज नाही: पहिल्या दोनतीन गाड्या असतील तर बॉडीला स्प्रे कॅन, आतल्या बारीक कामाला ब्रश, आणि एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेनासारखं हत्यार) तेव्हा घ्या जेव्हा कॅनमुळे नेमकं काय अडतंय हे तुम्हाला स्वतःला सांगता येईल. आता का ते बघू.

टँक किंवा जुनं विमान रंगवताना चिखल, गंज, धूर असं बरंच काही चुका झाकायला मदतीला येतं, गाडीचं तसं नाही. शोरूममधून निघालेली गाडी करायची तर बॉडी आरशासारखी दिसली पाहिजे आणि आरशात सगळं दिसतं, धुळीचा कण, बोटाचा ठसा, सगळंच. त्यात स्केलचा हिशोब वेगळा. १/२४ स्केलवर (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल) ०.१ मिमी जाड रंगाचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप झाला की हो! आणि क्लासिक गाड्यांवर तर बारीक नक्षी खच्चून भरलेली असते, फेंडरवरची अक्षरं, दाराच्या कडेची क्रोमची पट्टी, बॉनेटच्या फटी. जाड हात मारला की पहिला बळी या अक्षरांचा जातो, लांबून गाडी चकचकीत दिसते आणि जवळ घेतली की साबणाची वडी. म्हणून तुलना करताना 'कशाने जास्त चमक येते' असं विचारण्यापेक्षा 'कशाने पातळ आणि सपाट थर बसतो' हे विचारा, चमक नंतर पॉलिशनेही आणता येते.

ब्रशचं पटकन उरकतो. बॉडीसाठी नको. एनॅमल (तेलकट रंग) सावकाश वाळतं त्यामुळे स्वतःहून पसरून सपाट होतं आणि जुन्या काळी लोकांनी हंब्रोल कंपनीच्या डबीतून ब्रशने छान गाड्या रंगवल्यात हे खरं, पण त्याला जो हात लागतो तो पहिल्या गाडीला नसतो. सीट, डॅशबोर्ड, इंजिन, टेललाइट, इथे मात्र ब्रशच राजा, तिथे एअरब्रशवालेसुद्धा ब्रशच उचलतात.

आता मुख्य सामना. स्प्रे कॅन म्हणजे तयार पातळ केलेला रंग, ठरलेलं प्रेशर, ठरलेला फवारा. तामिया कंपनीची टीएस सिरीज घ्या, १०० मिलीचा कॅन, सिंथेटिक लॅकर (उग्र सॉल्व्हंटमधला रंग), पटकन वाळतो, १/२४ च्या एका बॉडीला एक कॅन आरामात होतो. (पीएस लिहिलेला कॅन चुकूनही उचलू नका, तो रिमोट कारच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतो, आपल्या किटच्या पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकला तो खातो. कॅन दिसायला भावाभावासारखे, गफलत सहज होते.) मारायच्या आधी कॅन दहाएक मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवायचा, कोमट म्हणजे हाताला सुखावणारं, ४० अंशांच्या वर अजिबात नाही आणि गॅसवर बिसवर तर नाहीच नाही. त्याने आतला रंग पातळ होतो, प्रेशर जरा वाढतं आणि फवारा बारीक पडतो. मग वीसेक सेंटिमीटरवरून, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, सरळ हात फिरवत न्यायचा आणि पलीकडे बाहेर जाऊनच बोट उचलायचं. बॉडीवर सुरू केला किंवा मध्येच थांबवला तर तिथे रंगाचा थेंब बसतो. पहिले दोन हात नुसते भुरभुर, खालचं प्लॅस्टिक दिसत राहिलं तरी चालेल, आणि शेवटचा एक हात ओला, इतका ओला की लाइटचं प्रतिबिंब एकसंध दिसतं पण ओघळ सुटत नाही. ही सीमारेषा कुणी शब्दात सांगू शकत नाही, प्लॅस्टिकच्या चमच्यांवर चारपाच वेळा करून बघितलं की कळते. चमचाच का, तर त्याची पाठ फेंडरसारखी गोल असते.

कॅनची खोड अशी की तो एकाच जोरात बोलतो. बोट दाबलं की भरपूर रंग, कमी नावाचा प्रकार नाही. त्यामुळे व्हील आर्चच्या कडेला, आरशाच्या दांडीपाशी रंग साचतो. दुसरी अडचण रंगांची, कंपनीने जो शेड बाटलीबंद केलाय तोच, एखादा मंद हिरवट करडा हवा असेल तर बसा शोधत. मेटॅलिकमध्ये अजून एक गोष्ट खटकते, चंदेरी कण जर जाड असतील तर १/२४ वर ते वाळूसारखे दिसतात, खऱ्या गाडीवर वाटाण्याएवढे चंदेरी कण कुणी पाहिलेत का?

एअरब्रश या तिन्ही ठिकाणी जिंकतो. ड्युअल अ‍ॅक्शन असेल तर ट्रिगर दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, किती ओढता त्यावर किती रंग, म्हणजे कडेला कमी, छतावर जास्त, सगळं तुमच्या बोटात. रंग हवा तसा मिसळा. बारीक कणांचं मेटॅलिक मारा. पण (हा पण मोठा आहे) त्याच्याबरोबर सगळं बिऱ्हाड येतं. कॉम्प्रेसर, शक्यतो टाकीवाला म्हणजे हवा धडधडत येत नाही, ओलावा पकडणारा ट्रॅप, थिनर, क्लीनर, नोझल साफ करायच्या सुया. रंग किती पातळ करायचा हे तुम्हीच ठरवायचं, लॅकर असेल तर साधारण एक भाग रंगाला एक ते दोन भाग थिनर, प्रेशर १५ ते २५ पीएसआय, आणि हे आकडे नुसते सुरुवातीचे, हवेतल्या दमटपणावर आणि उकाड्यावर रोज बदलतात. ०.३ मिमीचं नोझल मिळतं बहुतेक सेटबरोबर, ते बारीक कामाला छान, पण अख्खी बॉडी रंगवायला त्याचा फवारा अरुंद पडतो, दुसरा पट्टा मारेपर्यंत पहिला वाळलेला असतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. बॉडीला ०.५ बरं, आणि थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) असलेलं, मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर, म्हणजे रंग ओला राहून पसरतो.

एक स्पष्टच बोलतो. एअरब्रश घेतल्यावर पहिला महिनाभर तुमच्या गाड्या कॅनवाल्यापेक्षा वाईट दिसणार. माझ्या दिसल्या. आणि प्रत्येक रंगानंतर सफाई, सुई काढा, कप पुसा, क्लीनर मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मध्येच पिचकारी उडते नेमकी बॉनेटवर. ज्याला वर्षातून दोन गाड्या करायच्यात त्याला हा संसार झेपणार नाही, कपाटात धूळ खाईल.

कुठली गाडी करताय यावरही बरंच ठरतं. जुनी मिनी घ्या, १९५९ ला आलेली, १/२४ मध्ये जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर, छोटी बॉडी, सपाट रंग, वर पांढरं छत. कॅनसाठी आदर्श, दोन कॅन आणि मास्किंग टेप, संपलं. बीटल तर त्याहून सोपी, एकच फिका रंग, फक्त फेंडर वेगळे करून मारता आले तर बघा. याउलट मर्सिडीज ३००एसएल, १९५४ ची पंखदारवाली, ती चंदेरी करायची असेल तर एअरब्रशचा फरक लांबूनही कळतो, आणि तामियाच्या किटमध्ये आत नळ्यांची फ्रेम आणि इंजिनही आहे, तिथे वेगवेगळ्या धातूंच्या छटा मारायला मजा येते. १९५७ ची शेवी बेल एअर, १/२५ मध्ये वीस सेंटिमीटरची धूड, दोन रंग आणि मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची पाचर, ही मधली केस. कॅनने होते, पण दोन रंगांच्या सीमेवर जाड कड उभी राहते, टेप काढल्यावर नखाला लागते. टेपखालून दुसरा रंग झिरपू नये म्हणून टेप लावल्यावर आधी पहिलाच रंग पुन्हा हलका मारायचा, टेपखालून झिरपायचा तो तोच झिरपतो, मग दुसरा रंग, आणि कड कमी राहावी म्हणून टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढायची.

१/२४ आणि १/२५ चा प्रश्नही येतोच, एक ओळीत: जपानी आणि युरोपियन बहुतेक १/२४, अमेरिकन बरेचसे १/२५, शेल्फवर शेजारीशेजारी ठेवल्या तर फरक फारसा जाणवत नाही, पण एकाचे टायर दुसऱ्याला लावायला जाऊ नका. एएमटी या अमेरिकन कंपनीवाले आधी डीलरांसाठी प्रोमो (जाहिरातीची) मॉडेल करायचे आणि १९५८ मध्ये त्यांनी थ्री-इन-वन किट काढली, एकाच डब्यात शोरूमवाली, कस्टम आणि रेसिंग अशा तिन्हीचे पार्ट. त्या काळचे साचे आजही पुन्हापुन्हा छापले जातात, गाड्या अप्रतिम, पण कडांना फ्लॅश (साच्यातून बाहेर आलेलं पातळ जादा प्लॅस्टिक) आणि छताच्या खांबांवरून साच्याची रेघ. अशी किट असेल तर तुमचा निम्मा वेळ लांबी (पुटी) भरण्यात आणि वॉटर पेपर घासण्यात जाणार, रंग कशाने मारताय हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारायचं अस्तर. इथे मी तोंडघशी पडलोय. लाल प्लॅस्टिकमध्ये ओतलेली किट होती, मला गाडी क्रीम रंगाची हवी होती, पांढरा प्रायमर, त्यावर क्रीमचे तीन हात, रात्री इतकी सुंदर दिसत होती की फोटो काढून ठेवले. सकाळी बघतो तर गुलाबी. सगळीकडे सारखी गुलाबी असती तरी चाललं असतं, मी म्हटलं असतं हाच रंग हवा होता, पण दाराच्या फटींपाशी जास्त आणि छतावर कमी. लाल प्लॅस्टिकमधलं रंगद्रव्य लॅकरच्या सॉल्व्हंटमुळे वर चढतं, वर कितीही हात मारा, ते येतंच. शेवटी बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने सगळं काढलं आणि खाली चंदेरी रंगाचा थर देऊन पुन्हा पहिल्यापासून. कॅन असो की एअरब्रश, इथे दोघांचा निकाल सारखाच लागला असता. उलट लाल गाडीच हवी असेल तर गुलाबी प्रायमर मिळतो, त्यावर लाल कमी हातांत खुलतो.

रंगाच्या जातीबद्दल थोडं, कारण कॅन घेतला की ही निवड आपोआप होते. मॉडेलचे चांगले कॅन बहुतेक लॅकर. वास उग्र, त्यामुळे खिडकी उघडी आणि ऑरगॅनिक व्हेपरचे काडतूस असलेला मास्क, कापडी मास्कने फक्त समाधान मिळतं. बंद खोलीत, घरात लहान मूल असताना करणार असाल तर हाच एक मुद्दा पारडं फिरवू शकतो, कारण एअरब्रशमधून पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक मारता येतात, वास बराच कमी. मास्क तरीही हवाच, बारीक तुषार नाकात जायचे ते जातातच. पण पाण्यावरच्या रंगांनी गाडीची चमक आणणं कठीण, पॉलिश करताना तो थर लॅकरइतका कडक लागत नाही. थरांचा क्रम लक्षात ठेवा: लॅकरवर एनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिक चालतं, एनॅमलवर लॅकर मारलं की डोळ्यांदेखत सुरकुत्या. पावसाळी दमट दिवशी लॅकर मारलं की पांढरट धुकं बसतं, त्या दिवशी चाकं रंगवा.

पॉलिशमध्ये दोघं एका पातळीवर येतात. कॅनचा थर जाडसर म्हणून घासायला वाव जास्त, एअरब्रशचा पातळ म्हणून घासायचं काम कमी पण कडेवरून रंग उडायची भीती जास्त. दोन हजारचा वॉटर पेपर, मग तीन हजार, मग कंपाउंड, आणि घासताना उठावाच्या कडा शक्यतो टाळायच्या, सगळ्यात आधी प्लॅस्टिक तिथेच डोकावतं. साधा सपाट रंग असेल तर क्लिअर (पारदर्शक थर) न मारताही पॉलिश होतो, मेटॅलिकवर मात्र क्लिअर हवंच, नाहीतर कण घासले जाऊन डाग पडतात. डिकॅलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांवर) क्लिअरचा पहिला हात अगदी भुरभुर, ओला मारला तर डिकॅल आकसतं.

क्रोमच्या पट्ट्यांसाठी रंगाचं यंत्र लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पातळ चिकट अ‍ॅल्युमिनियमची फॉइल मिळते, बेअर-मेटल नावाची, क्लिअर आणि पॉलिश झाल्यावर खिडकीच्या चौकटीवर दाबून बसवायची आणि नव्या ब्लेडने कडेने कापायची, जुनं ब्लेड फॉइल फाडतं. लिक्विड क्रोमचे पेन सोपे, मोलोटोवचा आरसा झकास येतो, पण वाळायला दिवस लागतात आणि बोट लागलं की आरसा गेला, वर क्लिअर मारलं तरी गेला. एअरब्रशवाल्यांना चकचकीत काळ्यावर अल्क्लॅड (क्रोमसारखा धातूचा रंग) मारता येतं, बंपरसाठी ते सगळ्यात खरं दिसतं. माझ्या मते बंपर हेच एअरब्रश घ्यायचं सगळ्यात प्रामाणिक कारण आहे, बॉडी नव्हे.

आणि आज कॅन घेतले आणि सहा महिन्यांनी एअरब्रश आला तर कॅन वाया गेले असं समजू नका. कॅनच्या नोझलला स्ट्रॉ लावून रंग काचेच्या बाटलीत उतरवता येतो आणि तोच एअरब्रशमधून मारता येतो, बरेच लोक आवडत्या शेडसाठी असंच करतात. फक्त बाटली उघड्या हवेशीर जागी, झाकण नुसतं टेकवून रात्रभर ठेवा, आत विरघळलेला गॅस बुडबुडे काढत हळूहळू निघतो, लगेच मारला तर बॉडीवर तेच बुडबुडे, आणि झाकण घट्ट पिळून ठेवलं तर सकाळी रंग बाटलीत कमी आणि भिंतीवर जास्त असतो.