नऊ महिने टॅनिन पावडर घातली : दूध तेवढंच, वासाचं मात्र वेगळं निघालं

घोडबंदर रोडला ओवळ्याच्या आतल्या बाजूला आमचा गोठा. सात गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर. वडिलांनी बांधला तेव्हा तिन्ही बाजूंना भातशेती होती, आता टॉवर आहेत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी वासाची लेखी तक्रार घेऊनच आले. तिथून ही पावडर गोठ्यात शिरली.

विकणारा म्हणाला होता, "दादा, गाईमागे दोन लिटर वाढलं नाही तर बोला." तर बोलतो. नोव्हेंबर ते जुलैच्या वहीत दूध वाढल्याचा एकही आठवडा नाही. फॅटही होतं तिथेच. दुधासाठी घेणार असाल तर इथेच थांबा.

टॅनिन म्हणजे हिरडा, कच्ची सुपारी, बाभळीची साल यांच्यातला तुरटपणा. सालीने कातडं कमावतात तेही याच गुणावर : टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं. माझ्या पोत्यात चेस्टनट आणि केब्राचो या परदेशी झाडांचा अर्क आहे. गाईच्या पहिल्या पोटात, जिथे चारा आंबतो, तिथे पेंडीतलं प्रथिन जंतू फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. जंतूंना लागतो तेवढा ते वापरतात, उरलेल्याचा यकृतात युरिया होऊन तो मुतातून आणि थोडा दुधातून बाहेर पडतो. टॅनिनने प्रथिन धरून ठेवलं की ते तिथे कमी फुटतं. पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात ती पकड सुटते आणि आतड्याला प्रथिन मिळतं. शेंगदाणा पेंड पहिल्या पोटात फार लवकर फुटते, म्हणून पावडरीचा उपयोग तिच्यासोबत. पशुखाद्यात युरियाच घातलेला असेल तर त्याचं ही पावडर काही करू शकत नाही, युरिया म्हणजे प्रथिन नव्हे.

पाच दुभत्या गाईंना रोज प्रत्येकी ६० ग्रॅम दिली, दोन वेळच्या खुराकात अर्धी-अर्धी. पहिले चार दिवस गव्हाणीत तोंड घालून फुरफुरायच्या आणि बाजूला व्हायच्या. चव तुरट, त्यांचा काय दोष. आईने गुळाचं पाणी शिंपडलं, मग खाऊ लागल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने शेंगदाणा पेंड गाईमागे दोन किलोवरून सव्वा किलोवर आणली. दूध टिकलं. महिन्याभरात गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरायचे ते थांबलं. दुधातला युरिया लॅबमध्ये तपासला तर २२ चा १५ झाला होता. मी खूश!

डॉक्टरांनी मात्र विचारलं, "वास पावडरीने गेला की पेंड कमी केल्याने?" मला उत्तर देता येईना. म्हणून मार्चमध्ये तीन आठवडे पावडर बंद ठेवली, पेंड सव्वा किलोच. वास परत आला नाही. युरिया १७. पण दूध गाईमागे अर्धा लिटर उतरलं, आणि पावडर सुरू केल्यावर दहा-बारा दिवसांत पुन्हा जागेवर आलं. पाच गाईंवर शास्त्र ठरत नाही, हे मलाही कळतं. तरी माझ्यापुरता हिशेब लागला : वास घालवला तो पेंड कमी केल्याने, आणि पेंड कमी करूनही दूध पडू दिलं नाही ते पावडरीने. शेणमूत वेगळं वाहायला गटाराला उतार करून घेतला, त्याचाही वाटा आहेच. मुतातल्या युरियाला शेणातल्या जंतूंची गाठ पडली की अमोनिया सुटतो.

पैशांचं सांगायचं तर पावडर मला २५० रुपये किलो पडली, म्हणजे गाईमागे दिवसाला १५ रुपये. पाऊण किलो पेंड वाचली ती ३६ रुपयांची. २१ रुपये सुटले.

दोन चुका झाल्या, त्या मात्र तुम्ही करू नका. जानेवारीत मी लग्नाला गावी गेलो तेव्हा गड्याने माप न बघता भांडंभर टाकली. दोन दिवसांत गाईंनी खाणं निम्म्यावर आणलं, शेण कोरडं आणि काळपट पडलं. दुसरी चूक माझी. भाकड गाय भाताच्या पेंढ्यावर होती, तिलाही 'असू दे' म्हणून घातली. पेंढ्यात मुळात प्रथिन नावालाच, ते धरून ठेवलं तर जंतू खाणार काय? शेणात न पचलेल्या लांब काड्या दिसू लागल्या, तेव्हा बंद केली.

पोत्यावर गाईच्या ढेकरातून निघणारा मिथेन वायू कमी होत असल्याचंही छापलंय. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनच्या वनस्पतींपासूनच 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, तेही मिथेनसाठी, त्यामुळे दावा हवेतला नाही. पण माझ्या गोठ्यात तो मोजायचा कशाने?

बाभळीच्या शेंगा फुकट मिळतात, त्या चालतील का, असं मेहुण्याने विचारलं. शेंगांत टॅनिन असतं, पण कुठल्या झाडाच्या शेंगेत किती, हे मोजल्याशिवाय माप कसं ठरवणार?

जूनमध्ये पोत्याचं तोंड उघडं राहिलं आणि दमट हवेने चार किलोचा गोळा झाला. तो हातोडीने फोडला, पण नीट मिसळेना म्हणून टाकून दिला. आता झाकणाच्या निळ्या पिंपात ठेवतो. पावसात कोवळं गवत भरपूर असतं, शेण पातळ होतं, तेव्हा पावडर चालूच राहील. दिवाळीनंतर लसूणघास आणि मूरघासाचा भाव बघून पुढचं पोतं घ्यायचं की नाही ते ठरवीन.