३४९ रुपयांचं दमटपणा मोजायचं घड्याळ, अभ्यासिकेत वर्षभर वापरून

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सेलसाठी कापला आणि एक त्या हसऱ्या तोंडासाठी. तोंडाचं पुढे येतंच.

मानोरा तालुक्यात आमचं गाव. जुन्या ग्रामपंचायतीच्या खोलीत मी अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक असे फॉर्म भरणारे पोट्टे अन पोट्ट्या येतात. २६ खुर्च्या, वर टीन, दोन खिडक्या, एक कूलर. मागच्या जुलैत झड लागली, तेव्हा सोमवारी एक जण शिंकला आणि शनिवारपर्यंत २६ पैकी ११ खुर्च्या रिकाम्या. कोणाला पडसं, कोणाला कणकण, एकाचा खोकला तर पोळ्यापर्यंत चालला. बाबा म्हणाले, "हवाच खराब हाये यंदाची." मला वाटलं, खराब म्हणजे किती ते मोजून तरी पाहावं. म्हणून हे मागवलं.

वस्तू पत्त्यांच्या कॅटएवढी. पांढरं प्लास्टिक, मागे उभं करायला टेकू आणि एक चुंबक. वर तापमान, खाली हवेतल्या ओलाव्याचा टक्का. बटण दाबलं की दिवसातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा दिसतो, हे खरंच कामाचं आहे. सोबतचा सेल आठ दिवसांत संपला. माहितीपत्रक चिनी आणि इंग्रजीत, तेही मुंगीच्या अक्षरात.

आकडा खरा की खोटा हे पाहायला मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर थेंब-थेंब पाणी. मीठ चिखलासारखं व्हावं, विरघळू नये. ते झाकण आणि हे घड्याळ लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवून घट्ट बंद करायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझ्या घड्याळानं सकाळी ७१ दाखवले. म्हणजे चार टक्के कमी सांगतं. मी मागे पेनानं "+४" लिहून ठेवलं. या किमतीत एवढी चूक मी माफ केली.

बाबांनी मात्र ते गुपचूप सोयाबीनच्या पोत्यात खुपसून पाहिलं. त्यांचंही चूक नाही. ओलावा म्हटलं की आमच्याकडे बाजार समितीच आठवते, १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापलाच. पण हे दाण्यातलं पाणी सांगत नाही, हवेतलं सांगतं. "मंग काय कामाचं?" म्हणून त्यांनी परत आणून दिलं.

आता तोंडाचं. पडद्याच्या मधोमध एक चेहरा आहे. ४० ते ६० टक्क्यांत हसतो, त्याखाली किंवा वर गेलं की रडतो. पाहणाऱ्याला वाटतं, हसरं म्हणजे आजाराची भीती नाही. मलाही तसंच वाटलं होतं. झडीत आकडा ८६-८८, पापड सादळलेले, तोंड रडकं, मुलं आजारी. बरोबर जुळलं. मग जानेवारी आला. पहाटे पाचला येणाऱ्या बॅचला खोलीत १४ अंश आणि ५८ टक्के. तोंड हसरं. आणि त्याच आठवड्यात नऊ जण सर्दीनं घरी! उलट एप्रिलच्या दुपारी कूलर लावायच्या आधी ४१ अंश आणि १८ टक्के, तोंड रडून रडून बेजार, आणि खोलीत एक शिंक नाही.

घोळ टक्क्यात आहे. गरम हवेत पाणी मावायला जागा मोठी, थंड हवेत छोटी. टक्का फक्त जागा किती भरली तेवढंच सांगतो. मी कोष्टक घेऊन हिशेब केला. एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यातल्या हवेत जानेवारीच्या त्या पहाटे साधारण ७ ग्रॅम पाणी, एप्रिलच्या दुपारी साडेनऊच्या आसपास, आणि झडीत २३. म्हणजे घड्याळ ज्या हवेला कोरडी म्हणून रडत होतं, तिच्यात हसऱ्या पहाटेपेक्षा जास्त पाणी होतं. थंड देशांतला हिवाळी फ्लू टक्क्यापेक्षा या ग्रॅमच्या हिशेबाशी जास्त जुळतो, असं तिकडच्या शास्त्रज्ञांना २००९ च्या सुमारास दिसलं.

त्याआधी २००७ साली न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांवर एक प्रयोग झाला होता. शेजारी-शेजारी पिंजरे, एकातल्यांना फ्लू दिलेला, मध्ये फक्त हवा. ५ अंशांवर रोग सहज पलीकडे गेला. ३० अंशांवर हवेतून गेलाच नाही. २० अंशांवर कोरड्या हवेत चांगला पसरला आणि ८० टक्के दमटपणात थांबला. कोरड्यात शिंकेचा थेंब लवकर सुकून हलका होतो आणि तरंगत राहतो, शिवाय थंड-कोरड्या हवेनं नाकातला ओला थरही सुकतो. आमच्या जानेवारीला हे लागू पडतं.

पण मग जुलैचं काय? ८६ टक्क्यांत तर तो थांबायला हवा. पण काश्मीर सोडलं तर भारतात बहुतेक ठिकाणी फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यातच येतो, जुलै ते सप्टेंबर. श्रीनगरला तो हिवाळ्यात असतो. म्हणूनच डॉक्टरांनी माझ्या आईला, तिला दमा आहे, फ्लूची लस मे महिन्यात दिली, दिवाळीनंतर नाही.

याचं उत्तर मला घड्याळात नाही, कूलरमध्ये सापडलं. विदर्भातल्या लेकराला विचारा, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर नुसती चिकचिक. कूलर बाहेरची हवा ओढतो, आतली खिडकीतून बाहेर ढकलतो. म्हणजे मार्च ते जून आमच्या खोलीची हवा दिवसभर बदलत राहते. पाऊस आला की कूलरवर ताडपत्री आणि आत पाणी येतं म्हणून खिडक्या बंद. हिवाळ्यात थंडीसाठी बंद. २६ जण एकमेकांचा श्वास घेत बसतात. त्यात विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, बाकी महाराष्ट्रानंतर. धाकटी भावंडं शाळेतून सर्दी घेऊन येतात आणि आठवड्यात ती माझ्या खुर्च्यांवर बसते.

ऊन तापलं की साथ थांबते असंही कोणी म्हणू नये. २०२० मध्ये चौकाचौकात हेच ऐकलं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत लॉकडाऊन लागला, आणि ऐन एप्रिल-मेच्या उन्हात आमच्या तालुक्यात घराघरात माणूस आजारी होता. नवा विषाणू, कोणाच्या अंगात पुरती ताकद नाही, तेव्हा तो ऋतू विचारत नाही.

तर मी घड्याळ परत केलं नाही, खिडक्यांना टिनाचे छज्जे बसवले. दोन्हींचे मिळून लोहारानं १,४०० घेतले. आता पाऊस असला तरी फळ्या उघड्या राहतात. यंदाच्या झडीत चारच जण घरी बसले. यावरून छाती फुगवत नाही, यंदा झडच तीन दिवसांची होती आणि मागच्या वर्षीचे बरेच पोट्टे नोकरीत भरती होऊन गेले.

घ्यायचं का? अंडी उबवणारे, कांदा साठवणारे किंवा माझ्यासारखे वहीत आकडे लिहायची खोड असणारे असाल तर घ्या. घरात सर्दी येईल का हे पाहायला घेणार असाल तर घेऊ नका, ते त्याला कळत नाही. हसऱ्या तोंडावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे. एक पोट्टी विचारत होती, "दादा, याले कायचं मास्क लावलं?" सेल मात्र पहिल्याच दिवशी आपला नवा टाका, नाहीतर आकडे अर्धेच दिसतात आणि ८ चा ३ वाचला जातो.