दोन ओळींचं काम: एलटीस्पाइसमधलं स्टेप आणि मेझ

भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये कंपनं मोजणाऱ्या सेन्सरचे बोर्ड बनतात. गेल्या महिन्यात एका बोर्डासाठी वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर हवा होता. कटऑफ, म्हणजे जिथून अडवणं सुरू होतं ती फ्रिक्वेन्सी, १०५० ते १२०० हर्ट्झच्या आत पाहिजे, अशी ग्राहकाची अट. मी नेहमीचा सॅलेन-की (एक ऑप-अँप, दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटरचा फिल्टर) लावला: दोन्ही रेझिस्टर १० किलोओहम, आउटपुटकडून परत येणारा कपॅसिटर २२ नॅनोफॅरड, ग्राउंडकडे जाणारा १० नॅनो. गणिताने कटऑफ ११२३ हर्ट्झच्या आसपास येतो. पण कपाटातले कपॅसिटर १० टक्के टॉलरन्सचे, म्हणजे खरी किंमत छापलेल्या किमतीपेक्षा तेवढी कमी-जास्त असू शकते. दोघांच्या पाच-पाच किमती धरल्या तर पंचवीस जोड्या होतात.

आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेला डिप्लोमाचा मुलगा एलटीस्पाइसमध्ये, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक जोडी चालवून, करसर ओढून, आकडा वहीत लिहीत होता. चौथ्या जोडीला त्याने विचारलं, "ताई, हे पंचवीस वेळा करायचं?" मग त्याच्या शेजारी बसून त्याला स्टेप (किंमत आपोआप बदलत रन करणं) आणि मेझ (प्रत्येक रनमधून हवा तो आकडा मोजून घेणं) शिकवलं.

एलटीस्पाइस फुकट मिळतं. मूळचं लिनिअर टेक्नॉलॉजीचं, आता अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं. सर्किट काढणं, वेव्हफॉर्म बघणं हे सगळे वापरतात. त्याची खरी ताकद मला या दोन डॉट-कमांडमध्ये (टिंबाने सुरू होणाऱ्या लेखी सूचनांमध्ये) दिसते. कपॅसिटरच्या किमतीला एक गुणक लावायचा, आणि डॉट-स्टेपच्या ओळीत सांगायचं: ०.९ पासून १.१ पर्यंत, ०.०५ च्या पायरीने. दुसऱ्या कपॅसिटरला तशीच दुसरी ओळ. पायऱ्या एकात एक तीन पातळ्यांपर्यंत बसतात. मग डॉट-मेझ: आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पटीवर उतरतं तेव्हाची फ्रिक्वेन्सी दे. आणखी एक मेझ सर्वांत मोठ्या आउटपुटसाठी, म्हणजे कटऑफआधी किती उंचवटा येतो ते कळतं. रन दाबला आणि पंचवीस आकडे लॉगमध्ये हजर.

तो तक्ता बघून मी खुर्चीत सरसावून बसले. १० नॅनोचा कपॅसिटर १० टक्के इकडेतिकडे केला की कटऑफ १०२३ पासून १२३८ पर्यंत जातो. २२ नॅनोचा तेवढाच हलवला तर फक्त १११५ ते ११२५. कारण नंतर कागदावर पटलं: २२ नॅनो वाढला की मूळ फ्रिक्वेन्सी खाली येते, पण क्यू (कटऑफजवळ किती उंचवटा येतो ते ठरवणारा आकडा) वाढतो आणि क्यू कटऑफला वर ढकलतो, दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना खातात. इतकी वर्षं हा फिल्टर वापरते, पण हे माझ्या नजरेत आलं नव्हतं. एकेक जोडी हाताने मोजताना ते दिसणारही नव्हतं, कारण माणूस फक्त शेवटचा आकडा बघतो.

आता सांभाळायच्या गोष्टी. लॉगमधल्या मोजमापाच्या तक्त्यात स्टेपचा नुसता क्रमांक असतो. कुठल्या क्रमांकाला कुठली किंमत, ते वरच्या यादीशी जुळवून घ्यावं लागतं. तिथेच राइट-क्लिक करून मोजमापांचा आलेख काढता येतो, तो जरूर काढा. ट्रान्झिएंटमध्ये (वेळेनुसार चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) रिपल, म्हणजे व्होल्टेजवरची बारीक लहर, मोजत असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा: मेझ सिम्युलेशन संपल्यावर साठवलेल्या वेव्हफॉर्मवर चालतं, आणि ती साठवताना दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते, त्यामुळे बारकावे जाऊ शकतात. ऑप्शन्समध्ये प्लॉटविनसाइझ शून्य करा, म्हणजे दाबणं बंद होतं, फाइल फुगली तरी चालेल. आणि स्पाइसमध्ये नुसता एम म्हणजे मिली. मेगासाठी मेग लिहायचं. त्या मुलाने एक मेगाओहमचा रेझिस्टर एम लिहून ठेवला होता आणि अर्धा तास आउटपुट का दबलंय ते शोधत बसलो.

मॉन्टे कार्लोही (किमती कशाही बदलून पुष्कळ रन करून बघणं) याच स्टेपवर होतं: रनचा क्रमांक १ ते २०० आणि किमतीच्या जागी एमसी फंक्शन. ते टॉलरन्सच्या पट्ट्यात सगळ्या किमतींना सारखीच संधी देतं, म्हणून त्यावरून किती बोर्ड नापास होतील याची टक्केवारी मी काढत नाही. ऑप-अँपचं मॉडेलच बदलून बघायचं असेल तर पायथनमधून पायएलटीस्पाइस (एलटीस्पाइस चालवणारं पॅकेज) वापरते. ते एका वेळी अनेक रन चालवतं.

पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम आहे. त्याच्या पोटात एनजीस्पाइस हा मुक्त सिम्युलेटर चालतो. तिथे स्टेपची ओळ नाही, कंट्रोल ब्लॉकमध्ये लूप स्वतः लिहावा लागतो. कॉलेजच्या मुलांना मी तेच सुचवते, कारण लूप लिहिताना नेमकं काय बदलतंय ते कळतं. कामाच्या घाईत मात्र मी एलटीस्पाइसच उघडते.

शेवटी १० नॅनोचा एकटा ५ टक्क्यांचा घेतला, २२ नॅनो कपाटातलाच ठेवला. पुन्हा स्टेप चालवली: १०६६ ते ११८४. एक टक्क्याच्या रेझिस्टरचा फरक धरूनही अटीच्या आत, उंचवटा ०.२ डेसिबलच्या आसपास. खरेदीच्या यादीत एकच ओळ बदलली, आणि ती त्या मुलाने स्वतः टाइप केली.